वामनरावांची चराईबंदी

आमच्या शेजारच्या वामनरावांकडे गेलं की बसायच्या आधी विचारावं लागतं, "आज कुठली जागा सुरू आहे?" न विचारता बसलात तर ते उठवतात. रागावून नाही हो, अगदी हात जोडून. "ताई, उठा जरा. ती आराम करून राहिली." ती म्हणजे खुर्ची.

त्यांनी बैठकीचे चार भाग केले आहेत. खिडकीजवळचा सोफा, भिंतीकडचा दिवाण, वेताच्या दोन खुर्च्या आणि झोपाळा. एका आठवड्यात एकच भाग उघडा. बाकी तिघांभोवती सुतळी, आणि सुतळीला मधे लाल चिंधी, येणाऱ्याला दिसावी म्हणून. सोमवार उजाडला की सुतळ्या सुटतात, सरकतात, पुन्हा बांधल्या जातात. खुर्च्यांची पाळी असेल त्या आठवड्यात घरात दोघांनीच बसायचं. तिसरं कोणी आलं तर वामनराव स्वतः उभे राहतात, पण दिवाणाची सुतळी सोडत नाहीत.

त्यांचे नवे जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आले तेव्हा मी तिथंच होते. बंगलोरचा मुलगा, प्रवासानं दमलेला, चपला काढून सरळ झोपाळ्यावर जाऊन बसला. सुतळी त्यानं पाय उचलून ओलांडली, त्याला वाटलं सजावट असेल काही तरी. वामनरावांनी हाताला धरून त्याला सोफ्यावर आणून बसवलं. बिचाऱ्यानं थोड्या वेळानं हळूच मला विचारलं, "काकू, झोपाळ्यावर कोणी वारलं का?"

हे खूळ बैठकीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. नागपूरच्या बर्डी बाजारातून त्यांनी एकाच मापाचे, एकाच रंगाचे चपलांचे चार जोड आणले. रोज एक पायात, तीन मांडणीवर. दुकानदार म्हणाला, काका, रंग तरी वेगवेगळे घ्या. हे म्हणाले, "रंग काहून पाहिजे? कोणती दमली ते मले समजते." आमच्या धरमपेठेतल्या बागेत त्यांनी हास्यक्लबाला दर आठवड्याला नवा कोपरा नेमून दिला. एकाच जागी उभं राहून हसल्यानं गवत मरते म्हणाले. क्लबाची मंडळी चिडली. पण गवत खरंच सुधारलं, मग चिडायला कारण उरलं नाही, आणि आता त्याचाच राग आहे.

लग्नाला त्यांच्यासोबत जायची तर मी धास्तीच घेतली आहे. आमच्याकडे लग्नं लॉनवर होतात. वर्धा रोडच्या अशाच एका लॉनवर सगळे जेवणाच्या रांगेत, आणि वामनराव सफारीसकट गुडघ्यांवर. चिमूटभर गवत उपटून दातात धरलं आणि मॅनेजरला बोलावून घेतलं.

"महिनाभर इथं काही ठेवू नका. बुडखे दिसून राहिले."

"काका, उद्या दोन लग्नं आहेत."

"मग जेवण तरी तिकडे हलवा. हे लोक एकाच जागी चरून राहिले."

मुलीचे वडील मागेच उभे होते, हातात आग्रहाचे गुलाबजाम घेऊन. ते तसेच परत घेऊन गेले.

नवराबायकोची भांडणंसुद्धा त्यांच्या घरी पाळीपाळीनं चालतात. "इंदू, हा विषय आता बंद. दिवाळीनंतर उघडू." इंदू म्हणजे त्यांची बायको, माझी रोजची मैत्रीण. ती म्हणते, "अन् दिवाळीनंतर उघडला का कमरेइतका वाढलेला राहते, ताई."

घराला रंग द्यायचा निघाला तेव्हा रंगारी म्हणाला, सगळं सामान मधे ओढा अन् खोली बंद करा. वामनराव हटून बसले. "सगळं बंद नाही करायचं गा. काही झालं तरी एक भाग उघडा ठेवायचाच." दोघांची चांगली अर्धा दिवस हुज्जत झाली. शेवटी दिवाण जागचा हलला नाही, आणि त्याच्या मागच्या भिंतीला अजून जुनाच हिरवा रंग आहे. "सगळं बंद नाही करायचं" म्हणताना त्यांच्या आवाजात नेहमीचा मिश्कीलपणा नव्हता, तेवढं माझ्या कानाला लागलं होतं. पण रंगाच्या वासात कोण एवढा विचार करतं.

वामनराव सरकारी नोकरीत होते, कुरणांच्या कामावर. जिथं पाऊस तुटपुंजा आणि जमीन मुरमाड, तिथं पिकाचा भरवसा नसतो, गवत मात्र येतं. त्या गवतावर गाई-शेळ्या जगतात आणि त्यांच्यावर माणसं. पण सगळी जनावरं सगळ्या रानात रोज फिरली तर चांगल्या गवताला बी धरायला सवडच मिळत नाही. ते संपतं, आणि मग तरोटा अन् कुसळी उरते, तिला कोणी तोंड लावत नाही. म्हणून रानाचे चार भाग करायचे. एकात चारायचं, तिघांना दम खाऊ द्यायचा, आणि पाळी आली की गुरं पुढच्या भागात न्यायची. उभी नोकरी त्यांनी जीपमधून गावोगाव हिंडून हेच सांगितलं. "अर्धं तिचं, अर्धं जमिनीचं," असं म्हणत. ती म्हणजे गाय. अजूनही सकाळी दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडणारी बाई दिसली की थांबवतात, "अर्धी देवाची, अर्धी झाडाची."

तर आम्ही सगळे धरून चाललो होतो की नोकरी सुटली पण खोड सुटली नाही. मागच्या उन्हाळ्यात मी अन् इंदू गच्चीवर सांडगे घालत होतो, तेव्हा मी तसं बोलूनही गेले.

"नाही ताई," इंदू म्हणाली. "नोकरीत होते तवा हा माणूस घरी एकाच खुर्चीवर बसे. तिच्या पाठीले यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता हा एवढा. सुतळी नंतर आली. गावाहून आले अन् दुसऱ्या दिवशी बाजारातून सुतळीचा बंडल आणला."

मग तिनं सांगितलं ते मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. त्यांचं गाव कारंजा-घाडग्याकडचं. माझं माहेर त्याला लागून, मधे फक्त नाला. म्हणून तर वामनराव मला वहिनी न म्हणता ताई म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ नामा. वडिलांच्या गवळाऊ गाई नामाकडे राहिल्या. पांढऱ्या, लांब तोंडाच्या, चालायला लागल्या की माणसाला पळावं लागे अशा. सकाळी गावाबाहेर आखरावर घरोघरची गुरं गोळा व्हायची आणि आपल्या गाईंसोबत नामा ती गायरानात न्यायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि हवंही नव्हतं. दादा शिकला, साहेब झाला, याचा त्यालाच जास्त तोरा. गावात कोणी काही विचारलं की म्हणायचा, "दादाले विचारून सांगतो."

निवृत्त झाल्यावर वामनराव गावी गेले आणि गायरान पाहून हबकले. नुसता मुरूम आणि तरोटा. दुसऱ्यांच्या गावांना शहाणपण सांगत हिंडलो आणि आपलंच रान उघडं पडलं, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी ग्रामसभा घ्यायला लावली आणि सांगितलं, दोन पावसाळे गायरान पूर्ण बंद. एकही जनावर आत नको.

पूर्ण बंद. चार भाग नाहीत, पाळी नाही, काही नाही. आयुष्यभर जे सांगितलं ते आपल्या गावात सांगायला ते विसरले असं नव्हे, त्यांना घाई झाली होती. आपल्या डोळ्यांनी ते रान हिरवं पाहायचं होतं.

"तोवर घरी कडबा घाला," म्हणाले.

आता कडबा कुठून आणायचा? गावात ज्वारी पेरणं केव्हाच सुटलं होतं. जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन आणि कपाशी. पण वामनरावांच्या डोक्यात त्यांच्या लहानपणीचंच गाव होतं, घरामागे कडब्याच्या गंज्या रचलेलं. सभेत कोणी तसं बोलून दाखवलं असतं, पण सगळ्यांच्या आधी नामाचा हात वर गेला. दादा सांगून राहिला म्हणजे बरोबरच असेल. गुरं राखणाऱ्याचाच हात वर दिसल्यावर बाकीच्यांनीही केले.

पहिल्या हिवाळ्यापर्यंत सोयाबीनचं कुटार, मळणीत उरलेला भुसा, गुरांना पुरलं. मग गाई बाजारात जायला लागल्या. आधी लोकांच्या गेल्या, मग नामाच्या. नामानं नागपूरला कळवलं नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून.

दोन पावसाळे झाल्यावर वामनराव गावी गेले. रान असं आलं होतं, इंदू म्हणाली, की हे कडेला उभे राहून रडले. पवन्या, मारवेल, जे जे गवत गेलं होतं ते सगळं परतलं होतं. तसेच नामाच्या घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, "नामा, सोड गाई."

गोठ्यात मोटरसायकल उभी होती.

"भांडला असता तं बरं झालं असतं, ताई," इंदू म्हणाली. "तो म्हणाला, दादा, चहा घे. तवापासून तेवढंच बोलते. चहा घे, जेवून जा. बाकी काहीच नाही." एवढं सांगून तिनं सांडग्यांवरून कावळा हाकलला.

त्या दिवसापासून मला त्या सुतळीचं हसू येईनासं झालं. बाकीचे हसतात, हसोत बापडे.

यंदा दसरा झाला आणि वामनराव सकाळीच आमच्याकडे आले. आमच्या घरातही बसायच्या आधी त्यांनी खुर्चीकडे विचारल्यासारखं पाहिलं.

"ताई, आर्वीकडे एक कालवड पाहिली. अस्सल गवळाऊ. नामाले द्यायची आहे. तुम्ही संगं चाला."

"मी कशाला? तुमचा भाऊ, तुम्ही द्या."

"तुम्ही म्हणा त्याले, घे गा नामा म्हणून. मी नाही म्हणू शकत." मग जरा थांबून म्हणाले, "मी एकदा म्हटलं होतं अन् त्यानं ऐकलं."

नामानं माफ करावं, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. नामा गाय घेऊन गायरानात जाताना त्यांना एकदा पाहायचा होता. तेवढ्यासाठी म्हातारा महिनाभर आर्वीच्या खेपा घालत होता, हे इंदूलाही नंतर कळलं.

निघालो. मी अन् इंदू गाडीत, आणि वामनराव पुढच्या टेम्पोत कालवडीजवळ उभे. टेम्पोवाला म्हणे काका, पुढं बसा. हे म्हणाले, "वळणावर तिले धरीन कोण?" सारा रस्ता आम्ही त्यांची पाठ आणि तिची शेपटी पाहत गेलो. इंदू म्हणाली, "लग्नात मले असं धरलं नव्हतं."

नामा घरीच होता. खाकी शर्ट, खिशाला शिट्टी. तो हायवेवरच्या गोदामावर चौकीदार आहे आता. आम्हाला पाहून म्हणाला, "या ताई. दादा, चहा घे." मग त्याची नजर टेम्पोकडे गेली आणि चहाचं राहून गेलं.

त्यानं तिला उतरवून घेतलं. मानेखालच्या कातडीवरून हात फिरवला, ओठ वर करून दात पाहिले, मागचा खूर उचलला. त्याचे हात सगळं आपोआप करत होते.

"चांगली आहे," शेवटी म्हणाला.

"मग घे न गा नामा," मी म्हटलं.

"घेऊन काय करू, ताई? मले दोन वाजता पाळीवर जाणं आहे."

त्याची बायको तुळसा ओट्यावर उभी होती. "मी बांधीन," ती म्हणाली. "शेणपाणीही करीन. पण रानात कोण नेईन? मी नाही जात बापा त्या गवतात."

"रानात एकटी गाय जातच नाही," नामा म्हणाला. "कळपाचं जनावर होय. काठावर उभी राहून हंबरते." हे तो माझ्याकडे पाहून बोलत होता. मग दादाकडे वळला. "तुले माहीत आहे."

"माहीत आहे," वामनराव म्हणाले.

"मग काहून आणली?"

"पाहून तं पाहू."

नामानं खांदे उडवले आणि दोरी हातात घेतली. सगळेच निघालो, आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन मागून. आखरावरून जाताना इंदूनं माझा हात धरला. तिथं आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात.

गायरान मी लहानपणी पाहिलेलं. आता ओळखू आलं नाही. कमरेइतकं गवत, पिवळं पडत आलेलं, वाऱ्यानं एका अंगाला वाकलेलं. दिसायला फार सुरेख, खोटं कशाला बोलू. पण वामनरावांनी हातानं गवत फाकून दाखवलं. खाली जुन्या गवताचा काळपट थर, ओला, कुजका वास येणारा. "तोंड लागलं नाही, ताई. नवा फुटवा खाली दबून राहिला. उन्हाळ्यात कोणी बिडी टाकते अन् सगळं पेटते. गवताले दम पाहिजे, बरोबर आहे. पण त्याले गाईही पाहिजे." हे ते फार हळू बोलले, जसं काही शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे.

कालवड काठावर थांबली. दोरी सोडली तरी पाऊल पुढं टाकेना. कान ताठ करून तिनं गावाकडे तोंड केलं आणि हंबरली. थांबली, ऐकलं, पुन्हा हंबरली. कुठूनच काही आलं नाही. आम्ही सगळे खाली पाहत होतो.

"सांगितलं होतं," नामा म्हणाला. टोमणा मारल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

वामनरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गवतात शिरले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस. वाकून दोन्ही हातांनी जुनं गवत बाजूला केलं, आतला कोवळा फुटवा उघडा केला आणि तिथंच उभे राहिले. कालवडीनं त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं एक पाय आत टाकला, मग दुसरा. त्यांच्या मांडीजवळ येऊन तिनं तोंड खाली घातलं.

ते दोन पावलं सरकले की तीही सरकायची. मग त्यांना वाटलं जमलं, म्हणून ते बाहेर यायला वळले. तिनं लगेच मान वर केली, तोंडातला घास तसाच लोंबत, आणि हंबरत त्यांच्या मागे निघाली. ते परत फिरले. तीही फिरली. ड्रायव्हर फिस्सकन हसला. इंदूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीचा आरसा पुसायला लागला.

"आता काय रोज येता का इथं?" इंदूनं ओरडून विचारलं.

"येईन," गवतातून आवाज आला.

"नागपूरहून?"

"सकाळची बस आहे नं."

इंदूनं पदरानं घाम पुसला, बराच वेळ पुसत राहिली. नामानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात होती. तो वळला, चार पावलं गेलाही, आणि तिथूनच म्हणाला, "दादा, तिकडे नको जाऊ. जुन्या विहिरीचा खड्डा आहे. गवतात दिसत नाही."

"कुठं?"

"उजवीकडे. पळसाखाली."

"कोणता पळस?"

"अरे थांब नं. हलू नको तू."

नामा खाकी शर्टासकट गवतात शिरला. झपझप जाऊन त्यानं दादाला दंडाला धरून अलीकडे घेतलं. मग सोडलं. परत आला नाही. कालवडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि जिभेनं टाळूवर हळूच आवाज काढला, गाईंना चुचकारायचा तो. तिचे ताठ कान एकदम सैल झाले. एक भाऊ इकडून, एक तिकडून, मधे ती. नुसता गवत तुटल्याचा आवाज.

"काकू, निघायचं का?" ड्रायव्हर म्हणाला.

"थांब रे बाबा. तिचं पोट भरू दे."

दोन वाजायला आले तेव्हा नामानं खिशातून फोन काढून गोदामावर लावला. पलीकडच्यानं काही विचारलं असावं. "नाही, कोणी बिमार नाही," नामा म्हणाला. "आज येत नाही मी. घरी ढोर आहे."

वामनराव वाकून गवत फाकत होते. ते वर झाले नाहीत. तसेच वाकून राहिले, फार वेळ, आणि त्यांचे हात एकाच जागी फिरत होते, जिथलं गवत कालवडीनं केव्हाच खाऊन टाकलं होतं. त्यांच्या पायाशी खाटेएवढी जमीन मोकळी झाली होती. बाकी सगळं रान मागं तसंच उभं होतं, पार टेकडीपर्यंत, कोणीही तोंड न लावलेलं.